नाल्याकाठची गल्ली

आदिलाबादच्या कोणत्या वस्तीत किती वर्दळ असते, हे मोबाइलच्या नोंदींवरून शोधायचं काम अर्पिताकडे होतं. नव्या भाजीबाजाराची जागा त्यावरूनच ठरायची होती. नकाशावर जिथे गर्दी जास्त, तिथला रंग लाल. आठवडाभर सगळ्यांत लाल दिसत होती ती नाल्याकाठची गल्ली, आणि ती तर दोन वर्षांपूर्वीच रस्त्यासाठी पाडली होती.

काहीतरी चुकलं असेल, म्हणून ती सकाळी अकराला स्वतः पाहायला गेली. सोबत चंपाबाईंना घेतलं. त्यांचं घर तिथेच होतं.

आता तिथे जोत्यांचे दगड आणि गवत तेवढं उरलं होतं. माणूस सोडा, कुत्रंही नव्हतं. अर्पिताने मोबाइलवर नकाशा उघडला. त्या घडीला गल्लीत चारशे बारा जण दिसत होते.

"इथं कोनीच राहत नाही ना, मावशी?"

"कोन राह्यते आता, माय? समदे गेले."

चंपाबाई पुढे निघाल्या, पण सरळ चालेनात. कधी खांदा तिरका करत, कधी पदर आवरून घेत, भरल्या बाजारातून वाट काढावी तशा त्या चालल्या होत्या.

"अशा काऊन चालून राह्यल्या?"

"कशा?" त्यांनी वळून पाहिलं. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

अर्पिताने मोबाइल बंद केला. ती परत फिरली. तीन पावलं टाकली असतील, तोच तिचा खांदा कुणाला तरी लागला.

"सॉरी," ती सवयीने म्हणाली आणि बाजूला सरकू लागली.

सरकायला जागाच नव्हती.