विचारल्यास

"साहेब, भाषणं चारच सापडली," कारकून म्हणाला. "सभात्याग मात्र एकेचाळीस आहेत."

माजी आमदार कसनुसं हसले. विरोधी बाकांवर पाच वर्षं काढून पुढच्याच निवडणुकीत सपाटून आपटले, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. आपल्या भाषणांचं छोटंसं पुस्तक काढावं अशी हौस म्हातारपणी आली, म्हणून ते विधानभवनाच्या दप्तरखान्यात येऊन बसले होते. चार भाषणांचं कसलं डोंबलाचं पुस्तक? त्यातलं एक तर शोकप्रस्तावावरचं होतं.

कारकून भला माणूस. यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्यानं शिडीवर चढून आणखी एक फाइल काढली. तिच्यात एक बंद लिफाफा होता. सदस्य हजर नसला की त्याचा प्रश्न रद्द होतो आणि मंत्र्यांचं तयार उत्तर न फोडता दप्तरी जातं, हे माजींना ठाऊक होतं. दहा वर्षं उलटली की ते बघता येतं, हे मात्र आजच कळलं.

प्रश्न त्यांचाच होता. पाच वर्षांत सोडतीत निघालेला एकुलता एक. थोरल्या बहिणीच्या वस्तीपुढच्या ओढ्यावर पूल कधी बांधणार? ताईनं निवडणुकीत दारोदार फिरून मतं मागितली होती आणि बदल्यात एवढंच मागितलं होतं. प्रश्नाचा पुकारा व्हायला पाच मिनिटं उरली असताना पुढच्या बाकावरून पक्षाच्या नेत्यानं सभात्यागासाठी हात वर केला. कुठल्याशा समारंभात त्याची खुर्ची दुसऱ्या रांगेत मांडली होती, त्याचा निषेध. सगळे उठले, तसे माजीही उठले. सरकार पूल देणार नाहीच, मग बसून तरी काय करायचं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. उलट घोषणा देत सगळ्यांच्या पुढे झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही आला.

त्यांनी लिफाफा फोडला. आत एकच ओळ होती. 'सदस्यांनी विचारल्यास पुलाची मंजुरी जाहीर करावी.'

"आणि नाही विचारलं तर?"

"मग मागणी उरली नाही असं धरतात, साहेब."

कारकुनानं त्या कागदाची प्रत काढून दिली. ती खिशात घालून माजी थेट ताईकडे निघाले. हरल्यापासून लाजेनं ते तिकडे फिरकले नव्हते. बस ओढ्याच्या अलीकडेच थांबली. समोर ताईचं घर दिसत होतं, पण वळसा घालून पोचायला पाऊण तास लागला. सगळं सांगून टाकायचं आणि माफी मागायची, असं ते वाटभर घोकत होते.

ताईचे गुडघे कामातून गेले होते. तिनं बसल्या जागेवरूनच सुनेला चहा टाकायला सांगितला. माजींनी कागद काढायला खिशात हात घातला आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. पेपरातला तो फोटो तिथं चौकटीत लावला होता. काच लख्ख होती.

"रोज पुसते," ताई म्हणाली. "वस्तीतले टोमणे मारतात, तुझ्या भावानं काय दिवे लावले म्हणून. मग मी त्यांना हा फोटो दाखवते. सांगते, आपल्या पुलाला नाही म्हणाले, म्हणून माझा भाऊ तिथून तडक उठून बाहेर पडला. खरं ना रे?"