खंडेनवमीचं कुंकू

"हे गेम फक्त आमच्याच मशीनवर!" असं कंपनीनं छातीठोक सांगितलं, म्हणून रहिमतपूरच्या वीरधवलनं महागडा गेमिंग कन्सोल घेतला. यंदा त्याच कंपनीनं जाहीर केलं, आमचे गेम आता कुणाच्याही मशीनवर खेळा.

खंडेनवमीला त्याच्या वडिलांनी, आबांनी, पाय मोडलेल्या चौरंगाला विटेचा टेकू दिला आणि वर कोयता, खुरपं, ट्रॅक्टरची चावी पूजेला मांडली. वीरधवलनं शेजारी कन्सोल ठेवला.

"वर्षभर काय काम केलं रं यानं?"

"फक्त ह्याच्यावरच चालंल असा नवा गेमच आला न्हाई, आबा. कंपनी म्हणती, धोरण बदललंय."


आबांनी चौरंगाखालची वीट काढली, तिथं कन्सोल सरकवला आणि म्हणाले, "आता लाव ह्याला कुंकू. आज कामाला आला."