पुडीचा कागद

“मावशी, घ्या. काल घरी सत्यनारायण होता.” वाळूवाल्याने घाटाच्या पायरीवर वाकून प्रसादाची पुडी पुढे केली.

सूर्याला अर्घ्य देऊन मी नुकतीच वळले होते. चार दिवसांपूर्वी पहाटे याच पायरीवरून मी पाहिलं होतं. वाळूचा ट्रक अडवणाऱ्या कोतवालाला यानेच चिरडलं. दुसरं कुणी तिथे नव्हतं. मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, तेव्हा साहेब म्हणाले होते, “आजी, निर्धास्त राहा. तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही.”

“साहेबही आले होते तीर्थप्रसादाला,” वाळूवाला हसला. “शेवाळ फार माजलंय हो मावशी. रोज एकट्याच येता, जपा.”

प्रसाद नाकारायचा नाही, हा माझा नेम. पुडी कपाळाला लावून त्याच्यासमोरच उघडली, घास तोंडात घातला. शिऱ्याच्या तुपाने भिजलेल्या कागदावर माझंच अक्षर होतं. माझीच तक्रार होती. तोंडातला शिरा टाकवेना, गिळवेना.

घरी येऊन नवा कागद घेतला. सवयीने वर ‘श्री’ काढलं, खाली ‘प्रति’ लिहिलं. पुढे कुणाचं नाव घालावं, तेच सुचेना.