डाव्या अंगाला

"आपले गार्ड म्हणजे मोडकं कुंपण हो! कुठल्याही गायीनं यावं आणि चरून जावं," बास्केटबॉलच्या मैदानाकडं बघत परशुअण्णा खानावळवाला म्हणाला.

"दोघांना एका दाव्याला बांधू नका, अण्णा." कोर्टातले कारकून मारुतीराव लगेच उसळले. "तो हुबळीचा श्रीपाद बरा खेळतोय. घाण करतोय तो विठ्ठल."

दोघांच्या मधे, मांडीवर छत्री आडवी धरून बाबाजीशेट बसले होते. श्रीपाद त्यांचा मुलगा, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातलं कापडाचं दुकान भर बाजारच्या दिवशी बंद ठेवून ते गाडीनं धारवाडला आले होते. खेळ बघायला नव्हे, मुलाला घरी न्यायला.

श्रीपादला डाव्या डोळ्यानं दिसत नसे. लहानपणी विटी लागली होती. वरून डोळा धड दिसे, आणि उद्या सोयरीक अडायला नको म्हणून घरच्यांनी ही गोष्ट भाऊबंदांतही फुटू दिली नव्हती. तो कॉलेजात बास्केटबॉल खेळतो हे परवा कळलं, तेव्हापासून त्याच्या आईच्या, इंदुमतीबाईंच्या, घशाखाली घास उतरेना. "डावीकडून कुणाचं कोपर आलं तर दिसणार आहे का त्याला? उरलेला एक गेला म्हणजे? घेऊनच या."

समोर मातीच्या मैदानावर बेळगावची पोरं चेंडू आपटत पुढं येत होती. धारवाडच्या बास्केटखाली राखणीला दोघंच गार्ड होते. उजवीकडं श्रीपाद, डावीकडं विठ्ठल.

"बघा, बघा! पुन्हा जागा सोडली," मारुतीराव ओरडले. "त्याची जागा तिकडं, रेघेजवळ. तिथं उभा राहतो का कधी? सारखा श्रीपादच्या अंगाला चिकटलेला. लग्नातल्या करवलीसारखा!"

"आणि ते ओरडणं?" परशुअण्णा आता मारुतीरावांच्या बाजूला झुकला. "'एडक्क! एडक्क!' बैल हाकतोय की काय? डावीकडं, डावीकडं म्हणून कानडीत बोंब मारायची. बेळगावच्या पोरांना काय कानडी येत नाही होय?"

बाबाजीशेटांची छत्रीवरची बोटं थांबली.

त्यांनी आता चेंडूकडं बघायचं सोडलं आणि ते दोघा गार्डांकडं बघत राहिले. विठ्ठल ओरडला, "एडक्क!" श्रीपादची मान डावीकडं वळली. बेळगावचा एक पोरगा तिकडून घुसत होता, तो अडला. पुन्हा चेंडू आला. पुन्हा "एडक्क!" पुन्हा मान वळली. विठ्ठल स्वतःची जागा उघडी टाकून श्रीपादच्या डाव्या खांद्याशी येऊन उभा राहत होता, आणि त्याच्या त्या उघड्या जागेतून बेळगाव बास्केट करत होतं.

म्हणजे याला ठाऊक आहे. आपण सख्ख्या भावाला जे सांगितलं नाही, ते पोरानं याला सांगितलं.

खेळ संपत आला तेव्हा दोन्ही बाजूंचे गुण सारखे होते. बेळगावचा एक उंच, ताडमाड गडी डावीकडून उसळी मारून आला. कोपर पुढं, थेट श्रीपादच्या तोंडाच्या रोखानं. श्रीपाद दुसरीकडं बघत होता. बाबाजीशेट उठून उभे राहिले.

ओरडायला विठ्ठलला वेळ नव्हता. तो सरळ मधे घुसला. दोघे धडकून मातीत पडले. शिट्टी वाजली. फाउल विठ्ठलचा. बेळगावला मोकळा चेंडू मिळाला, तो त्यांनी नेमका बास्केटात टाकला आणि एका गुणानं ते जिंकले.

"घालवली! या एकट्यानं मॅच घालवली!" मारुतीरावांनी टोपी काढून मांडीवर आपटली. परशुअण्णानं विठ्ठलच्या सात पिढ्या कानडीत मोजायला घेतल्या, आणि मधेच त्याचं लक्ष शेजारी गेलं. "काय हो शेटजी, आपण हरलो अन् तुम्ही हसताय? बेळगावचे काय?"

"नाही हो," बाबाजीशेट डोळे पुसत म्हणाले. "हुबळीचाच."

गर्दीतून वाट काढत ते मैदानाच्या फाटकाशी जाऊन थांबले. पोरं मान खाली घालून बाहेर पडत होती. विठ्ठलचं कोपर सोललं होतं, धोतराच्या फडक्यानं त्यानं ते गुंडाळलं होतं. आताही तो श्रीपादच्या डाव्या अंगालाच चालत होता. बाबाजीशेटही त्याच बाजूला उभे होते. श्रीपाद त्यांच्या अगदी जवळून, न बघताच पुढं गेला.

विठ्ठलनं पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा, श्रीपादसारखं नाक. तो हळूच म्हणाला, "एडक्क."

श्रीपादची मान वळली आणि तो जागीच थांबला. हरल्यानं उतरलेलं तोंड एकदम पांढरं पडलं. "अप्पा! तुम्ही? आईनं पाठवलं?"

"हो." गाडीत घोकून ठेवलेलं सगळं बाबाजीशेटांच्या ओठांवर होतं. त्यांनी ते गिळलं. छत्री काखेत धरली आणि विठ्ठलच्या कोपराला गुंडाळलेलं फडकं सोडून, फुंकर घालून, नीट घट्ट बांधलं.

"पुढली मॅच कधी आहे रे तुमची?" त्यांनी विचारलं. "तुझ्या आईला घेऊन येतो. दोघांनाही बघू दे तिला."