आऊट

स्टंप म्हणून ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यावर चेंडू धाडकन आदळला. झाकण उडालं, आतली कोळंबीची टरफलं गवतावर सांडली.

"नो बॉल," अंपायर डेस मामा खुर्चीतूनच म्हणाला.

बॅट धरून उभ्या असलेल्या ब्रायडीने डब्याकडे पाहिलं, मग मामाकडे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी नोला आजीच्या परसात सगळं घर क्रिकेट खेळायचं, आणि सव्वीस वर्षांच्या ब्रायडीला कुणी म्हणून आऊट देत नसे. मघाशी तिच्या भावाने, कॅलमने, हातात आलेला झेल सोडून दिला. त्याआधी ती आऊट झाली, तेव्हा म्हणे वारा आडवा आला होता. वारा कुठला, दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलत नव्हता. ब्रायडीला डाऊन सिंड्रोम होता आणि सगळ्यांचा तिच्यावर फार जीव होता. त्या जिवाचं करायचं काय, हेच तिला कळेना.

बाकीच्यांची मजाच वेगळी. या घरात आऊट झालेला माणूस भांडल्यावाचून कधी गेला नव्हता. गेल्या वर्षी कॅलम टोपी आपटून गॅरेजमध्ये जाऊन बसला, त्याला जेवायला तिघांनी ओढत आणला. डेस मामाला तर आंधळा, लबाड, सगळं म्हणून झालं होतं. ब्रायडीला आजवर कुणी साधं 'मेले'सुद्धा म्हटलं नव्हतं.

पुढचा चेंडू कॅलमने घास भरवावा तसा हळूच टाकला. ब्रायडीने कुंपणाकडे पाहिलं. कुंपणापलीकडे गेला की सहा धावा आणि आऊट, हा आजोबांनी घातलेला नियम. तिने ओठ आवळले आणि बॅट फिरवली. चेंडू लिंबाच्या झाडावरून गेला, कुंपणावरून गेला, आणि शेजाऱ्यांच्या पोहण्याच्या तलावात डुबुक वाजलं.

सगळे माना उंचावून कुंपणाकडे बघत राहिले. शेगडीच्या जाळीवर सॉसेज चरचरत होते.

"आता हे कुंपण," मामाने घसा खाकरला, "जुन्यापेक्षा जरा बुटकंच बांधलंय..."

"आऊट," नोला आजी म्हणाली. कोळंबी सोलता सोलता तिने मानही वर केली नाही. "बॅट ठेव, ब्रायडी."

आता ही रडते की काय, म्हणून सगळे तिच्याकडे बघू लागले.

ब्रायडीने बॅट छातीशी धरली, पाय रोवले. "मी नाही जाणार. कॅलम रेषेच्या पुढे आला होता."

"मी? रेषेच्या पुढे?" कॅलम उसळला. "खोटारडी कुठली!"

मामा ताडकन उठला आणि कुंपण पहिल्यापासून एवढंच उंच आहे, असं ओरडून सांगू लागला. मघाच्या तिन्ही वेळा तू आऊटच होतीस, हेही त्याने रागाच्या भरात सांगून टाकलं.

"जातेस की नाही, मेले?" आजीने कोळंबीचं डोकं तिच्या अंगावर भिरकावलं.

ब्रायडीने टोपी काढून जमिनीवर आपटली. ती मनासारखी आपटली गेली नाही, म्हणून उचलली आणि पुन्हा आपटली. मग ताठ मानेने ती गॅरेजमध्ये जाऊन बसली. दार तेवढं तिने उघडं ठेवलं, बाहेरची बोलणी नीट ऐकू यावीत म्हणून.