ओनोराला निरोप

मयतावर विलाप करायला जाणाऱ्या पेगम्हातारीनं गळा काढला तसा सार्जंट हॅकेट दारातून आत आला. त्यानं टोपी उतरवली.

"पोरगी अमेरिकेला निघालीय की कबरीत?"

"तुमची बहीण गेली तेव्हा तुमच्या घरी काय हसत होते?" ओनोरानं विचारलं.

सार्जंट दाराशीच बाकावर टेकला. तोही याच मुलखातला. अमेरिकेला गेलेलं माणूस पुन्हा दिसत नाही. म्हणून निघतानाच त्याला मेल्यासारखं रडून घ्यायचं, हे सार्जंटला कुणी सांगायला नको होतं. कुणीतरी त्याच्या हातात तंबाखू भरलेला मातीचा पाइप दिला.

"पण लोर्कन दिसत नाही," तो धूर सोडत म्हणाला. "एकुलती एक बहीण निघालीय, आणि भाऊच नाही?"

"तुम्ही दार अडवून बसल्यावर कसा येईल तो?"

बायका हसल्या. ओनोरा हसली नाही. इंग्रज सरकारविरुद्धचा यंग आयर्लंडच्या पोरांचा उठाव तीन दिवसांपूर्वी टेकडीवर एका दुपारीत मोडला होता. जे शिपायांच्या हाती लागले, त्यांतलं कुणीच घरी आलं नव्हतं. जिवंत नाही की मेलेलं नाही. लोर्कन त्यांना मिळू देणार नाही, एवढं वचन तिनं आईला दिलं होतं.

गाडी दाराशी आली. ओनोरा पेंढ्यावर चढून बसली.

"उतर, पोरी," सार्जंट म्हणाला. सोबतच्या शिपायाची संगीन घेऊन त्यानं पेंढ्यात खुपसली. ती कशात तरी रुतली.

आईनं दाराची चौकट धरली.

"ओटचं पीठ आहे," ओनोरा म्हणाली. तिचा आवाज हलला नाही. "फाडा पोतं. सहा आठवडे जहाजावर काय तुमची टोपी खाऊ?"

सार्जंटनं आणखी एकदा संगीन खुपसली आणि कान दिला. हूं नाही की चूं नाही. त्यानं पातं उन्हात धरून पाहिलं. कोरडं होतं.

"देव सांभाळो तुला," तो ओशाळून म्हणाला आणि बाजूला झाला.

पेगचा विलाप पुलापर्यंत चालला. पूल ओलांडल्यावर गाडीवानानं बंदराचा रस्ता सोडला आणि घोडा जुन्या मठामागच्या दफनभूमीकडे वळवला. तिथं चौघांनी पेंढा दूर केला, टेकडीवर लागलेल्या गोळीनं परवाच प्राण सोडलेल्या लोर्कनला चादरीसकट उचललं आणि बापाशेजारी ठेवलं.

प्रार्थना झाली. पेग गप्पच उभी राहिली. लोर्कनसाठी रडायचं ते सकाळपासून, सार्जंटच्या देखतच, रडून झालं होतं.