हेळव्याच्या वहीत

घराण्याची वंशावळ सांगणारा हेळवी सात वर्षांनी दारी आला होता. कीर्तनात रंगल्यासारखा तो वहीतल्या पिढ्या गात होता: कुणी माळ फोडला, कुणी विहीर खणली. नावागणिक येसबा सुपात मूठभर जोंधळा टाकत होता.

“आता रंगराव! मागं आलो तवा बाशिंगात होता. पोरंबाळं सांगा अण्णा, लिहून घेतो.”

येसबाची मूठ उघडेना. त्याचा हा एकुलता लेक चैत्रात मोटारीचा शॉक लागून गेला होता. मूल झालंच नव्हतं. आणि वहीत खोटं सांगणं म्हणजे देवाच्या तोंडावर खोटं बोलणं.

“दोन नातू,” तो म्हणाला. “दौलू अन् आनंदा.”

बायको दारात येऊन उभी राहिली. आता ही खरं सांगणार, म्हणून येसबानं मान खाली घातली.

“दोनच कसं सांगतासा?” ती म्हणाली. “नातीला इसरलासा व्हय?”